दुर्बिणीची भीती

उधारी, देणे-घेणे, मुलामुलींची स्थळे या साऱ्यांची चर्चा व्यापारी कुटुंबात मोकळेपणाने होते. शौचावाटे रक्त पडते ही गोष्ट मात्र वडीलधारी माणसे महिनोन्‌महिने कोणाच्या कानी घालत नाहीत. कागलच्या बाजारपेठेत याहून वेगळे घडत नाही. दिवसभर गादीवर बसण्याचा धंदा, जेवणाची वेळ गिऱ्हाइकाच्या हाती. तेव्हा ‘मूळव्याध असेल’ असे स्वतःशीच ठरवून चूर्ण घेतले जाते. पुढे अंगात रक्त कमी असल्याचे निघते, कोल्हापूर गाठले जाते आणि डॉक्टर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, सुचवतात. कोणा पाहुण्याने आपल्या वेळच्या कळा रंगवून सांगितलेल्या असतात. त्या आठवून घरातील अण्णा ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतात आणि दिवाळी येऊन जाते.

ही भीती अगदीच निराधार नाही. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते आणि त्याचा डावीकडील खालचा भाग नागमोडी व सैल असतो. मऊ रबरी नळी वाकड्या वाटेने ढकलली तर टोक पुढे सरकत नाही, मधेच वेटोळे पडते. दुर्बिणीच्या नळीचेही तसेच होते. त्या वेटोळ्याने आतडे व त्याला धरून ठेवणारा पडदा ताणला जातो आणि कळ येते. रुग्ण भित्रा आहे म्हणून नव्हे. अडचण अशी, की दुर्बिणीच्या टोकाचा कॅमेरा समोरचे दाखवतो, मागे पडलेले वेटोळे दाखवत नाही. ते डॉक्टरांनी हाताच्या अंदाजानेच ओळखावयाचे. पूर्वी त्यासाठी क्ष-किरणांचा आधार घेतला जाई. पण त्या किरणांची मात्रा रुग्णाला आणि रोज ते काम करणाऱ्यांनाही सोसावी लागे.

1993 साली इंग्लंडमधील संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात क्ष-किरणांविना हे वेटोळे पाहण्याची रीत मांडली. नळीच्या लांबीभर तारेची लहान लहान गुंडाळी बसवलेली असतात. त्यांतून अगदी सौम्य चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, रुग्णाशेजारी ठेवलेले यंत्र ते टिपते आणि नळीचा संपूर्ण आकार पडद्यावर उमटतो. वेटोळे पडताच डॉक्टर नळी थोडी मागे घेतात, पिळून सरळ करतात. परिचारिकेलाही पोटावर नेमके कोठे दाबावे हे दिसते. ओलिंपस कंपनीचे ‘स्कोपगाइड’ हे याच तत्त्वावरचे यंत्र. मुरलेल्या हाताला त्याची गरज कमी, शिकणाऱ्या हाताला अधिक, हेही खरे. यंत्र हाताची जागा घेत नाही. आतडे फुगवण्यासाठी साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो लवकर शोषला जातो आणि नंतरची पोटफुगी कमी होते. गुंगीचे औषध आहेच.

सीटी स्कॅनवर आतड्याचे चित्र उभे करण्याचीही पद्धत आहे. तीत लांब नळी आत जात नाही. पण पोट तितकेच साफ करावे लागते आणि गाठ दिसली तर ती काढण्यासाठी शेवटी दुर्बीणच लागते. दुर्बिणीतूनच अशी गाठ काढण्याचे काम वुल्फ आणि शिन्या या डॉक्टरांनी 1969 मध्ये न्यूयॉर्कला केले. अशा काही गाठी वर्षानुवर्षांनी कर्करोगात बदलतात. त्या आधीच निघाल्या तर तो प्रसंगच टळतो. ‘दिवाळीनंतर’ची किंमत ती ही.

जैन घरात आणखी एक अडचण असते, आणि ती डॉक्टरांना सहसा कोणी सांगत नाही. पोट साफ करण्याचे औषध लिटर-दोन लिटर पाण्यातून, बहुधा आदल्या रात्रीपासून घ्यावयाचे असते. सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग असणाऱ्या आक्कांनी काय करावे? व्रत घेतानाच औषधाची सूट ठेवलेली असेल तर प्रश्न नाही. अनेकांनी ती ठेवलेली नसते. मग रात्रीची मात्रा गुपचूप टाळली जाते, आतडे साफ होत नाही आणि सारी तपासणी पुन्हा करावी लागते. वास्तविक दुपारची वेळ मागून घेतली तर पुष्कळदा संपूर्ण औषध सूर्योदयानंतर, त्याच सकाळी घेता येते. गाळून उकळून निववलेल्या पाण्यात ते कालवण्यासही हरकत नसते. मात्र हे तारीख ठरतानाच बोलावे. किती वाजता थांबावयाचे ते डॉक्टरच सांगतील. व्रताविषयी मनात शंका उरली तर महाराजांना आधी विचारून घ्यावे.

त्याच भेटीत वेटोळे दाखवणारे यंत्र आहे काय, गुंगी देतात काय, कोणता वायू वापरतात, हेही निःसंकोच विचारावे. कापडाचा तागा घेताना आपण याहून अधिक प्रश्न विचारतो. हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल, रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, तर ते सारे एका कागदावर लिहून सोबत न्यावे. अण्णांना विचारले तर ते ‘काही नाही’ असेच सांगतील.