पाणी कुठवर आलं?

श्रावणात आमच्या पंचवटीतल्या घरात सकाळचा पहिला प्रश्न हाच असायचा. आजोबांना उत्तर फुटांत नको असे. ‘मारुतीच्या पायाला’, ‘कमरेला’, ‘छातीला’ असं सांगायचं. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही साऱ्या नाशिकची पूरपट्टी. 1969चा पूर आजोबांनी पाहिलेला, 2008चा मी. शाळेत होतो तेव्हा.

स्थापत्य अभियांत्रिकीला गेलो तो त्या मारुतीमुळेच, असं मला वाटतं. लेव्हलिंगच्या तासाला बेंचमार्क म्हणजे काय ते सर सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे शेंदूर येत होता. अभियंते विश्वेश्वरय्या यांची नोकरी 1884मध्ये नाशिकलाच सुरू झाली, हे सर आवर्जून सांगत. गंगापूर धरणातून सोडलेले क्युसेक वर्तमानपत्रात वाचून मी घरी हिशेब मांडी: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. आजोबा ऐकून घेत आणि विचारत, “म्हणजे कमरेला ना?”

तिसऱ्या वर्षी पर्यावरण अभियांत्रिकीची प्रयोगशाळा आली. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा होता. 300 मिलिलिटरची बाटली, घासलेल्या काचेचं बूच. भरताना आत बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर हवेतला ऑक्सिजन मिसळून मोजणी खोटी ठरते. मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातलं की पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर पांढरा. धरणाजवळून आणलेली बाटली तपकिरी झाली. शहराच्या खालच्या अंगाला, एका नाल्याच्या तोंडाशी भरलेली पांढरीफटक. मी ती पुन्हापुन्हा उलटीसुलटी करत राहिलो. आजी याच नदीचं पाणी तांब्यात भरून देवापुढे ठेवायची.

त्या दिवशी मला कळलं, पाणी किती आलं हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विचारलं. कसं आलं, हे विचारलंच नाही.

आता मी मैलापाणी शुद्धीकरणाचं काम करतो. घाण खाताना जे जिवाणू नदीतला ऑक्सिजन संपवतात, त्यांनाच टाकीत हवा देऊन तिथेच जेवू घालायचं. म्हणजे नदीतला ऑक्सिजन माशांना उरतो.

नदीत अंघोळ करायची तर पाण्यात लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असा आपल्या देशाचा निकष आहे. 2027च्या सिंहस्थात लाखो माणसं रामकुंडात उतरतील. पुराची पातळी सांगायला मारुती आहेच. त्याच्या शेजारी एक फळा लावा, आणि रोज सकाळी त्यावर ऑक्सिजनचा आकडा खडूने लिहा.