नाल्याकाठचा पालक

यंदा ७ फेब्रुवारीला माता रमाईंच्या जयंतीनिमित्त आमच्या विहारात गरोदर भगिनी आणि लेकुरवाळ्या माता यांच्यासाठी आहाराचा कार्यक्रम ठेवला होता. वंदना झाली, प्रतिमांना हार घातले आणि आमच्यापैकी एकाने दरवर्षीचे भाषण केले. हिरव्या पालेभाज्या खा, रक्त वाढेल, बाळ सुदृढ होईल. रमाईंची चार लेकरे एकामागून एक कशी दगावली हे सांगताना बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भाषण संपले. मागच्या रांगेतली, सहावा महिना लागलेली एक ताई उठून म्हणाली, "दादा, आमच्याकडे स्वस्तात मिळतो तो पालक रुळाच्या कडेचा. नाल्याचं पाणी देतात त्याला, रोज गाडीतनं बघते मी. तो खायचा का नाही खायचा, तेवढं सांगा."

कुणीतरी म्हणाले, "चांगला धुऊन खा." ती म्हणाली, "धुवायला पाणी किती वेळ येतं आमच्या गल्लीत?" सगळे हसले. आम्हाला काही हसू आले नाही. पंधरा वर्षे आम्ही हेच भाषण करीत आलो आणि हा प्रश्न एकदाही आमच्या डोक्यात आला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही चौघे कार्यकर्ते वडाळ्याहून हार्बरच्या गाडीत बसलो. रोज कामावर जाताना जी गाडी आपण धक्के खात, डोळे मिटून काढतो, तिच्यातून एकदा बाहेर नीट पाहावे. चुनाभट्टी, कुर्ला, टिळकनगर, चेंबूर, गोवंडी, मानखुर्द. पूर्वी या मार्गावर रुळांच्या दोन्ही बाजूंना हिरवेगार पट्टे दिसत. आता ते पुष्कळ कमी झाले आहेत, कुठे कुंपणाची भिंत आली, कुठे झोपड्या. तरी मधूनच पालक, माठ, मुळ्याचे चौकोनी वाफे डोळ्यांपुढून सरकतात आणि त्यांच्या बाजूने काळे पाणी वाहताना दिसते. उभे राहून पाहणारा माणूस म्हणेल, वा, मुंबईत एवढी हिरवळ!

ही शेती चोरून सुरू झालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. रेल्वेने आपल्या मोकळ्या जमिनी 'अधिक धान्य पिकवा' या योजनेखाली आपल्याच तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना भाजीसाठी दिल्या होत्या. आपल्या समाजातील किती तरी गँगमन, खलाशी यांच्या नावावर असे तुकडे होते. प्रत्यक्ष कसणारा माणूस बहुतेक दुसराच असे.

आम्ही एका स्टेशनावर उतरलो आणि वस्तीच्या मागच्या बोळातून नाल्याच्या काठाला असलेल्या एका मळ्यापाशी गेलो. मळेवाला उत्तर प्रदेशातून आलेला, साठीच्या आसपासचा. पंपाने नाल्याचे पाणी उचलून पाटात सोडत होता. पाण्यावर फेस होता, आणि वास असा की आमच्यातल्या एकाने रुमाल नाकाला लावला. म्हाताऱ्याने ते पाहिले. आपले पाय पुढे करून दाखवले. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली होती. म्हणाला, नळाचे पाणी माणसांना पुरत नाही, भाजीला कोण देणार? आम्ही विचारले, ही भाजी तुम्ही खाता का? त्याने एक जुडी उपटून, माती झटकून आमच्या हातात ठेवली. "आम्ही दुसरी कुठून आणणार? आमची पोरं यावरच वाढली." पैसे घेतले नाहीत.

ती जुडी पिशवीत घेऊन आम्ही पुढे गोवंडीला गेलो. देवनारचे डंपिंग मैदान तिथून दिसते. मैदान कसले, डोंगरच तो. या जागी मुंबईचा कचरा १९२७ पासून पडत आला आहे. त्याच वर्षी, २० मार्चला, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी एका पानावर येत नाहीत, पण आम्ही तिथे उभे असताना आमच्या मनात त्या एकत्र आल्या. हा भाग महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो. २००९ साली निघालेल्या मुंबईच्या मानव विकास अहवालात या विभागाचा क्रमांक सगळ्यांत खालचा होता.

गल्लीत एका दारापुढे दोन बायका वायरींचे भेंडोळे जाळून तांबे मोकळे करीत होत्या. बाजूला फोडलेल्या बॅटऱ्यांची कवचे पडली होती आणि तीन-चार वर्षांचे एक पोर त्यांतल्याच एका तुकड्याशी खेळत होते. मधूनच बोटे तोंडात घालत होते. आई रागावली, पोराने बोटे काढली, पुन्हा घातली. कुठल्याही घरात चालते तसे चालले होते.

संध्याकाळी आम्ही आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. सार्वजनिक दवाखान्यात त्यांची नोकरी झाली आहे. पालकाची जुडी टेबलावर ठेवून ताईचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. बाई आधी हसल्या आणि मग दोन तास बोलल्या. आम्ही कारकून माणसे, आकडा ऐकला की लिहून घेतो, म्हणून तेवढे तरी इथे नीट देता येते.

नाल्याच्या पाण्यात दोन प्रकारची घाण असते. एक जंतू, जंत आणि त्यांची अंडी यांची. ती धुण्याने कमी होते, शिजवण्याने मरते. दुसरी शिसे, कॅडमियम अशा धातूंची, कारखान्यांतून, गॅरेजमधून, जळालेल्या भंगारातून आलेली. पानावर बसलेली धूळ धुतली जाते. पण मुळातून पानात चढलेला धातू तीन पाण्यांनी धुवा की उकळा, जात नाही. आणि पालेभाज्या हे धातू फळभाज्यांपेक्षा जास्त ओढतात. त्यातही पालक पुढे.

"मग खाऊच नये?" आम्ही विचारले.

बाई म्हणाल्या, थांबा. शिशाला शरीरात शिरायला स्वतःची वाट नसते. लोह आणि कॅल्शियम ज्या वाटेने आत जातात, त्याच वाटेने ते घुसते. ज्याच्या अंगात लोह भरपूर, त्याच्या आतड्यात ही वाट फार उघडी नसते. ज्याच्या रक्तात लोह कमी, त्याचे शरीर आशेने सगळी दारे उघडून बसते आणि लोहाबरोबर विषही आत घेते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातला साधारण दहावा भाग रक्तात उतरतो. लहान मुलाच्या बाबतीत तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. आणि पोट रिकामे असेल तर आणखी. आम्हाला ते बॅटरीच्या तुकड्याशी खेळणारे पोर आठवले. ते सकाळपासून काय खाऊन बसले होते, हे आम्ही विचारलेही नव्हते.

ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतील तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तातले शिसे मोजले होते. पुढे संशोधकांनी त्यांपैकी १,०८१ मुलांचे आकडे अभ्यासले. शंभरातील ७६ मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसे निघाले. ज्यांच्या रक्तात शिसे जास्त, त्यांच्यात तीव्र पंडुरोगही जास्त आढळला. शिशामुळे रक्त कमी झाले की रक्त कमी म्हणून शिसे जास्त चढले, हे अशा एका पाहणीवरून ठरत नाही. बाईंच्या मते दोन्ही. त्या वेळी पेट्रोलमध्येही शिसे असे, ते १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. त्यामुळे आजचे आकडे वेगळे असणार. भंगार आणि रंग मात्र आहेतच.

जपानचेही उदाहरण बाईंनी दिले. तोयामा प्रांतात जिंझू नदीला खाणीतून कॅडमियम येई. त्या पाण्यावर भात पिके. गावच्या बायकांची हाडे इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्याने मोडत, आणि त्या वेदनेने ओरडत म्हणून आजाराचे नाव पडले 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. डॉ. नोबोरू हागिनो या स्थानिक डॉक्टरांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९६८ साली सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. भात सगळ्या घराने खाल्ला होता. अंथरुणाला खिळल्या त्या बहुतेक बऱ्याच बाळंतपणांनी झिजलेल्या, उतारवयाकडे झुकलेल्या बायका.

आता पालकाची दुसरी बाजू. १९९०च्या दशकात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत ७९७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या या बाया. त्यांनी एकूण किती खाल्ले यावरून बाळाच्या वजनाचा अंदाज लागेना. ज्या हिरव्या पालेभाज्या आणि फळे वरचेवर खात, त्यांची बाळे मात्र अंगाने भरलेली होती. मग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात मोठा प्रयोग झाला. ६,५१३ बायकांपैकी निम्म्यांना गरोदर राहण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला खाऊ दिला. बाकीच्यांना तसाच दिसणारा, पण बटाटा-कांद्यासारख्या वस्तूंचा. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाळाच्या वजनात ठळक फरक पडला नाही. पण दिवस जाण्याआधी निदान तीन महिने ज्यांनी खाऊ घेतला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. आणि गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के, तर भाजीच्या गटात ७.३ टक्के. ४८ ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे, असे आमच्यातला एकजण म्हणाला. बाई म्हणाल्या, अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला ती मूठ मोठी असते.

बाईंनी सांगितले ते आम्ही चार दिवसांनी त्या ताईच्या घरी जाऊन सांगितले. भाजी सोडू नका. पण रोज एकाच मळ्याचा पालक नको. आठवड्यात दुधी, पडवळ, दोडका येऊ द्या. भाजी नुसती खाऊ नका, बरोबर मटकी-चवळीची उसळ, वर लिंबू पिळून. नाचणीची भाकरी, मूठभर जवळा-सुकट, जमेल तेव्हा अंडे. दवाखान्यातली लोहाची गोळी शौचाला काळे होते म्हणून फेकू नका, त्या गोळीने रक्तही वाढते आणि शिशाची वाटही अडते. पोराला उपाशी घराबाहेर सोडू नका. भाजी पातेल्यात बुडवून तीनदा खळबळा, ते पाणी संडासाला वापरा.

ताईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे दादा, नाला तसाच राहणार, आणि सांभाळून आम्हीच खायचं." तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते चांगल्यासाठी आलेत." आम्ही चहा घेतला. नाल्यात काय काय सोडले जाते आणि कोण सोडतो, याची चौकशी करणारा अर्ज आम्ही लिहिला आहे. वस्तीतल्या ११२ जणांनी त्यावर सह्या दिल्या आहेत. तीन कचेऱ्यांत तो दिला. दोन ठिकाणी पोच मिळाली, तिसऱ्या ठिकाणी "हा आमचा विषय नाही" हे उत्तर तोंडी मिळाले. कोणाचा विषय आहे, ते लेखी द्या म्हणून आम्ही पुन्हा जाणार आहोत.

दरम्यान विहाराच्या मागच्या अंगणात शेवग्याची फांदी लावायचे ठरले. शेवग्याचा पाला कॅल्शियमला चांगला आणि झाड एकदा धरले की बारा महिने देते. पोरांनी कुठून तरी एक मोठे पिंप आणले, माती भरली, फांदी रोवली, पाणी घातले. ताई तिथे आली होती. पिंपाकडे पाहून तिने विचारले, "ह्यात आधी काय होतं?"

पोरे एकमेकांकडे पाहू लागली. पिंप रंगाचे निघाले. फांदी आम्ही काढली आहे आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे. रविवारी कर्जतकडच्या एका कार्यकर्त्याच्या शेतातून माती आणायची आहे.