वीस मिनिटांचं माहेर

सहली दोन प्रकारच्या असतात. एक, आपण जातो ती. आणि दुसरी, आपल्याला नेतात ती. पहिलीत रस्ता चुकतो. दुसरीत काहीच चुकत नाही, कारण हातात छापील कागद असतो आणि त्यावर इतिहासाची मिनिटांत वाटणी केलेली असते. परवाच्या डिसेंबरात जालन्याहून निघालेल्या आमच्या एका दिवसाच्या सहलीचा कागद असा होता : ‘सिंदखेडराजा, राजवाडा व इतर वास्तू : २० मिनिटे. भोजन (वांग्याचे भरीत) : १ तास. बुलढाणा, थंड हवेचे ठिकाण : मुक्त वेळ.’ जाधवरावांपेक्षा वांग्याला चाळीस मिनिटं जास्त! पण बसमधल्या एकाही पुरुषाने तक्रार केली नाही.

आमचा गाइड तरुण होता, उत्साही होता आणि त्याच्या गळ्यात ध्वनिक्षेपक होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या की श्रोत्यांनी देवाचं नाव घ्यावं. बस सिंदखेडराजाला थांबते न थांबते तोच तो सुरू झाला. “हा लखुजीराव जाधवांचा राजवाडा. १५९८ साली जिजाऊंचा जन्म इथलाच. दर बारा जानेवारीला इथं मुंगीला वाट मिळत नाही. तो रंगमहाल. तो पलीकडे काळा कोट. फोटो काढून घ्या, सतरा मिनिटं राहिली.”

काळा कोट म्हणजे वकिलाचा अंगरखा नव्हे, दगडी तटबंदी आहे, हा खुलासा आमच्यातल्या एका निवृत्त वकिलांनी स्वतःहून केला आणि स्वतःच हसले. जुना तट दिसला की आपल्या पुरुषवर्गाला काय होतं कोण जाणे! प्रत्येक जण बोटाच्या पेरांनी भिंत ठोकून बघतो, जणू बयाणा देऊनच जायचंय. मग “आता असं काम होत नाही” हे वाक्य येतं. ते म्हणणारा गृहस्थ हमखास बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला असतो, त्यामुळे ते खरंच असणार. रंगपंचमीच्या दिवशी चिमुकल्या जिजाऊने आणि शहाजीने एकमेकांवर रंग उडवला आणि तिथून सोयरिकीची गोष्ट निघाली, ही जुनी कथा गाइडने रंगमहालाकडे हात करून सांगितली. पुरुषमंडळी प्रसन्न झाली नि चहाची टपरी शोधू लागली.

बायका मात्र जन्मस्थानापाशीच राहिल्या. कुणी न सांगता चपला बाहेर निघाल्या. आमच्या सौ.च्या पिशवीतून खण-नारळ निघाला. शेजारच्या काकूंच्या पिशवीतूनही निघाला. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. आम्ही ऐतिहासिक वास्तू बघायला आलो होतो, या ओटी भरायला आल्या होत्या.

काकू मूळच्या खामगावच्या, म्हणजे याच जिल्ह्यातल्या लेकी. धाकट्या भावाशी शेताच्या हिश्श्यावरून अबोला, तोही बारा वर्षांचा. त्यांनी गाइडला विचारलं, “का रे बाबा, लग्नानंतर किती वेळा आल्या असतील रे त्या इथं?”

गाइडने कागद पाहिला. कागदावर ते नव्हतं. त्याने ध्वनिक्षेपक बंद केला आणि त्या दिवसात पहिल्यांदा साध्या आवाजात बोलला. “आजी, दोन्ही घरांत वाकडं आलं होतं. निजामशाही दरबाराबाहेर एक हत्ती बिथरला, त्यावरून जाधव-भोसल्यांत तलवारी निघाल्या. त्यात जिजाऊंचा भाऊ दत्ताजी गेला नि शहाजीराजांचा चुलतभाऊ संभाजीही गेला.”

“म्हणजे इकडून भाऊ नि तिकडून दीर,” काकू म्हणाल्या. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य मी कधी वाचलं नव्हतं.

“पुढं १६२९ च्या जुलैत निजामशहाने लखुजीरावांना दौलताबादला दरबारात बोलावून मारलं. सोबत मुलगे आणि नातूही. इथं समाधी आहे त्यांची.”

“आणि शिवाजीराजांचा जन्म?”

“१९ फेब्रुवारी १६३०. शिवनेरीवर.”

काकूंनी बोटांवर महिने मोजले. सगळ्याच बायकांनी मोजले. वकिलांनीही मोजले असते, पण ते टपरीवर होते. “अरे देवा, तिसरा महिना असेल तेव्हा,” काकू म्हणाल्या. “डोहाळ्यांच्या दिवसांत माहेर पुसलं की रे पोरीचं!”

चार शतकांपूर्वीची राजमाता एका क्षणात ‘पोर’ झाली. बसचा भोंगा वाजत होता. वीस मिनिटं केव्हाच संपली होती. बायका तो भोंगा न ऐकता सरळ समाधीकडे चालू लागल्या आणि गाइड ध्वनिक्षेपक खिशात कोंबून त्यांच्यामागून गेला. त्या भल्यामोठ्या दगडी वास्तूसमोर कुणी फोटो काढला नाही. भरीत गार झालं. वकिलांनी वेळेच्या अपव्ययाचा मुद्दा मांडला, तो बहुमताने फेटाळला गेला.

देऊळगावराजा, चिखली मागे टाकून संध्याकाळी बुलढाण्याला पोचलो. भिल्लांचं ठाणं म्हणून बुलढाणा, असं नावाचं मूळ सांगतात. गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, त्यामुळे विदर्भात असूनही वाऱ्याला गारवा. ‘थंड हवेचे ठिकाण’ असं कागदावर लिहिलेलं असल्याने मंडळींनी स्वेटर चढवले आणि पैसे वसूल झाल्याच्या समाधानाने कुडकुडू लागली. गाइड म्हणाला, “मुक्त वेळ. पाऊण तास.”

काकू बसच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, चष्मा चढवला आणि बराच वेळ नुसता हातात धरून ठेवला. मग एकदाचा नंबर लावला.

“अरे, मी बोलतेय. नाही रे, काही काम नाही. बुलढाण्याला आलेय. फार थंडी आहे इथं, म्हणून म्हटलं, तुझ्याकडे कशी आहे विचारावं.”

पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. पण पाऊण तास संपला, गाइडने दोनदा घड्याळ पाहिलं, आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरला खूण केली, की थांब.