बारीक धुळीचा हिशेब

जिनिंगमध्ये आलेला माणूस आधी रुई बघतो. शेतकऱ्याचं लक्ष काट्यावर असतं, व्यापारी चिमटीत रुई धरून धागा ओढून बघतो, बँकेचा साहेब गाठी मोजतो. मागच्या अंगाला, भिंतीलगत उभे असलेले पत्र्याचे सायक्लोन मात्र कोणी बघायला जात नाही. वर गोल पिंप, खाली निमुळता होत गेलेला शंकू, डोक्यातून बाहेर निघालेली एक नळी. आत ना जाळी, ना पातं, ना बेअरिंग. राळेगाव भागातल्या जिनिंगांमध्ये देखभालीचं काम करण्यात माझं आयुष्य गेलं. एवढ्या यंत्रांमधून माझा जीव जडला तो या मुक्या पत्र्यावर. हवा आणि फिरणं, एवढ्या दोनच गोष्टींवर जाड आणि बारीक वेगळं करणारं हे काम मला आजही मोठं वाटतं.

आमचा तालुका काळ्या मातीचा आणि कोरडवाहू पऱ्हाटीचा. दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या सुरू होतात आणि होळी उलटली तरी येत राहतात. पहिल्या वेचणीचा कापूस पांढराशुभ्र असतो. पुढेपुढे बोंडाभोवतीची पानं वाळतात, वेचताना त्यांचा चुरा होतो आणि तो कापसाला चिकटून येतो. सोबत काड्या, कवडी, वावरातली माती, एखादा खडा. कापूस म्हणून आपण जे मोजून घेतो त्यात हे सगळं असतं. रुई आणि सरकी वेगळी करायच्या आधी हे काढावं लागतं, आणि काढायचं बरंचसं काम वारा करतो.

गंजीतला कापूस पंख्याच्या ओढीनं पाइपात शिरतो. वाटेत एका जागी पाइप एकदम रुंद केलेला असतो. तिथे हवेचा वेग पडतो, कापूस हलका म्हणून पुढे निघून जातो आणि खडा खाली डब्यात पडतो. एवढीशी युक्ती, पण तिच्यावर अख्खी जिनिंग उभी आहे. खडा पुढे गेला आणि लोखंडाच्या खिळ्यांवर आपटला तर ठिणगी पडते, आणि कापसात ठिणगी म्हणजे काय हे विदर्भात कोणाला सांगायला नको. पुढे खिळ्यांच्या फिरत्या रुळांवर कापूस उसवला जातो, पाला आणि काड्या जाळीतून खाली गळतात. उरते ती धूळ, पाल्याची पूड, तंतूंचे तुकडे. ही सगळी हवा घेऊन पाइप सायक्लोनकडे येतो.

सायक्लोनमध्ये हवा मधोमध सोडत नाहीत, कडेनं सोडतात. म्हणून ती आत शिरली की भिंतीला धरून गोल फिरत खाली उतरते. फिरणाऱ्या हवेतला जड कण बाहेर फेकला जातो, भिंतीला लागतो आणि भिंतीवरून घसरत तळाशी येतो. हवा शंकूच्या टोकाशी पोचली की वळते आणि मधल्या अरुंद भोवऱ्यातून वर चढून डोक्यावरच्या नळीनं बाहेर पडते. ओढ किती असते ते हिशेबानं बघता येतं. हवा सेकंदाला १६ मीटर वेगानं आली, म्हणजे ताशी ५८ किलोमीटरच्या आसपास, आणि पिंपाचा व्यास १ मीटर असला, तर कणावरचा बाहेरचा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट होतो. व्यास अर्धा केला की तो १०० पटींवर जातो. म्हणूनच एका मोठ्या सायक्लोनऐवजी दोन-चार लहान शेजारी शेजारी लावलेले दिसतात.

अमेरिकेत जॉन फिंच यांनी १८८५ साली अशा धूळ पकडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. तेव्हापासून आजपर्यंत त्याचा सांगाडा फारसा बदललेला नाही, बदलली ती मापं. अमेरिकेतल्या जिनिंगांमध्ये दोन घडणी रुळल्या. एकीत पिंप आणि शंकू दोन्ही व्यासाच्या दुप्पट उंच. दुसरीत पिंप व्यासाएवढं आणि शंकू व्यासाच्या तिप्पट. कापसाच्या बारीक धुळीला ही दुसरी घडण अधिक मानवते. माप चुकलं तर पत्रा तोच, पंखा तोच, पण धूळ पडायची तिथे पडत नाही.

सीझन संपला की मी सायक्लोन उघडतो. बॅटरी घेऊन आत डोकावलं की पत्र्यावर एक चकचकीत पट्टा दिसतो, वळसे घेत खाली गेलेला. हंगामभर धुळीनं आणि रेतीनं घासून केलेली ही वाट. पट्टा एकसारखा उतरला असेल तर हवा नीट फिरली. मध्येच तुटला असेल तर तिथे हात फिरवून बघायचं. वेल्डिंगचा उंचवटा, चेपलेला पत्रा, फ्लँजमधून आत आलेलं पॅकिंग, यांपैकी काहीतरी बोटांना लागतंच. एवढ्याशा अडथळ्यावर आपटून भिंतीला लागलेली धूळ परत हवेत उधळते आणि वरच्या नळीनं निघून जाते. पट्टा जिथे फार पातळ झालेला दिसतो तिथे पुढच्या हंगामाआधी नवा पत्रा चढवावा लागतो.

तळाचं काम याहून नाजूक. आतल्या भोवऱ्याच्या पोटात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. खालच्या रोटरी व्हॉल्व्हचे रबर झिजले की बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते आणि खाली उतरलेली धूळ घेऊन वर चढते. मशीन चालू असते, पंख्याचा आवाज तोच असतो, अँपिअर तेच असतात. बाहेरून काही कळत नाही. मी रुईचा एक पातळ धागा चिमटीत धरून फटीजवळ नेतो. धागा स्थिर लोंबला तर ठीक. आत वळला तर मशीन थांबवायला सांगतो. हजारो रुपयांची उपकरणं मिळतात, पण या धाग्याइतकं चटकन उत्तर मला दुसऱ्या कशानं दिलेलं नाही. दाब मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरून ती भिंतीवर लावलेली असते. पाण्याच्या दोन पातळ्यांमधला फरक रोजच्यापेक्षा कमी दिसला तर हवा कुठून तरी चोरवाटेनं जाते आहे असं समजायचं.

हे सगळं मी कारखान्यात शिकलो, पण त्यामागची समज घरची आहे. सूप हातात घेतलेली बाई आधी घोळते आणि मग पाखडते. घोळताना सूप गोल फिरतं, खडे आणि जड दाणे एका बाजूला जमतात. पाखडताना वारा लागतो, फोल आणि टरफल सुपाच्या तोंडातून उडून जातं. सायक्लोन या दोन्ही क्रिया एकाच वेळी करतो, एवढाच फरक. खळ्यावर तर नुसता वाराच. उफणणारा माणूस उंचावर उभा राहून धान्य सोडतो. टपोरा दाणा पायाशी पडतो, पोचट थोडा पुढे, कुटार त्याहून पुढे आणि धूळ सगळ्यात लांब. आमची आजी सांगायची, "वारं पाठीवर घे. दाना पायापाशी पडाले पाह्यजे, भुसा डोयासमोर." या सांगण्यात जो विचार आहे तो मी पुढे कुठल्याच यंत्राच्या माहितीपत्रकात वाचला नाही. तिला दाणा कुठे पडतो हे ठाऊक होतंच, पण भुसा कुठे जातो यावरही तिची नजर असे. कुटार बैलांना लागायचं. आणि धुळीच्या वाटेत कोणी मूल बसलं असेल तर आधी ते उठवलं जायचं.

उन्हाळ्यात जिनिंग बंद झाली की आमच्यासारखे फिटर दुसरीकडे कामाला जातात. मी काही वर्षं चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरकडच्या सिमेंटच्या पट्ट्यात दुरुस्तीच्या कामांवर गेलो. तिथे ही विद्या फार पुढे गेलेली पाहिली. गिरणीतून दळून आलेलं सिमेंट सेपरेटरमध्ये येतं. त्यात उभ्या पट्ट्यांचा एक पिंजरा मोटरवर फिरत असतो. हवा बाहेरून आत, पिंजऱ्याकडे ओढत असते आणि पिंजऱ्याचं फिरणं कणाला बाहेर फेकत असतं. जाड कण फेकला जातो आणि परत गिरणीत दळायला जातो. बारीक कण हवेबरोबर पट्ट्यांमधून आत निघून जातो. पिंजरा जोरात फिरवला की सिमेंट बारीक येतं, हळू फिरवला की जाड. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या एका किलोतल्या सगळ्या कणांचं पृष्ठफळ मिळून निदान २२५ चौरस मीटर भरलं पाहिजे, पोझोलाना सिमेंटचं ३००. कंट्रोल रूममध्ये बसलेला ऑपरेटर पिंजऱ्याचा वेग थोडा वरखाली करून हे साधतो. जाड कुठे संपायचं आणि बारीक कुठे सुरू व्हायचं ही रेघ तो बसल्या जागेवरून सरकवतो.

पण रेघ कितीही चांगली ओढली तरी ती धारदार नसते, हे तिथे मला नीट उमगलं. एका ठरावीक आकाराचा कण असा असतो की त्याला आतली ओढ आणि बाहेरचा रेटा सारखाच बसतो. तो घुटमळत राहतो. अशा कणांपैकी निम्मे इकडे जातात, निम्मे तिकडे. त्याहून थोडे मोठे बहुतेक पकडले जातात, थोडे लहान बहुतेक सुटतात. काही अगदी बारीक पूड मोठ्या कणांना चिकटून उगाच परत दळायला जाते. जगातला कोणताही सेपरेटर किंवा सायक्लोन याला अपवाद नाही. आणि आकार कमी झाला की पकड फार झपाट्यानं सुटते. स्टोक्स या शास्त्रज्ञानं १८५१ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे कणाचा व्यास अर्धा झाला की हवेतून त्याचं सरकणं चौथ्या हिश्श्यावर येतं. १० मायक्रॉनच्या वरच्या धुळीला चांगला सायक्लोन बऱ्यापैकी आवरतो. ५ मायक्रॉनच्या खाली त्याचे हात थिटे पडतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून ही धूळ किती बारीक ते समजावं.

सिमेंट कारखान्यात हा सुटणारा बारीक कण कोणी जाऊ देत नाही. सेपरेटरच्या पुढे कापडी पिशव्यांचे मोठाले फिल्टर असतात आणि ते पीठ शेवटच्या चिमटीपर्यंत धरून ठेवतात. कारण तिथे बारीक कण हाच माल आहे. जिनिंगमध्ये बारीक कण कोणाचाच माल नाही. सायक्लोनखाली पडलेला जाड कचरा ट्रॉलीत भरून नेता येतो, तो दिसतो. जो वर निघून जातो त्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून त्याच्यासाठी खर्च करायला कोणी लवकर तयार होत नाही. यंत्र दोन्हीकडे जवळपास एकाच नियमानं चालतं. फरक पडतो तो त्या कणाला किंमत आहे की नाही यावर.

पण किंमत कोणीतरी मोजतंच. १० मायक्रॉनच्या खालची धूळ नाकातल्या केसांना न जुमानता छातीपर्यंत जाते. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, पुढे वर्षं गेली की दम कायमचा मुक्कामाला येतो. गिरण्यांच्या कताई खात्यात याचा त्रास पूर्वीपासून नोंदलेला आहे. जिनिंगमध्ये कापूस लोटणाऱ्या आणि रुई सारणाऱ्या बहुतेक बायाच. तोंडाला ओढणी गुंडाळून त्या आठ-आठ तास उभ्या असतात. काम सुटल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकतात, त्यानं घशातली धूळ उतरते असा त्यांचा भरवसा. घसा ओला होतो, बरं वाटतं. पण ५ मायक्रॉनचा कण घशात थांबत नाही, आणि गूळ त्याच्यामागे जात नाही.

म्हणून माझ्या हाताखाली नवा पोरगा आला की मी त्याला सायक्लोन दोन्ही टोकांनी शिकवतो. खाली किती पडलं ते बघायचं आणि वरून काय निघतं तेही. सकाळी ऊन तिरपं असताना वरच्या नळीच्या तोंडाशी धूर दिसतो का, गेल्या आठवड्यापेक्षा दाट आहे का, याची वहीत नोंद करायची. वरची नळी वाऱ्याच्या दिशेनं बायांच्या बसायच्या जागेकडे, पाण्याच्या टाकीकडे किंवा वस्तीकडे तोंड करून नसावी. रोटरी व्हॉल्व्हचे रबर फाटायची वाट न बघता हंगामाच्या मध्यावर बदलावेत. आवारात पाणी मारावं, म्हणजे खाली बसलेली धूळ पुन्हा उठत नाही. आणि रुई गोळा करणाऱ्या कंडेन्सरची हवा, जिच्यात सगळ्यात बारीक धूळ असते, ती शेडमध्ये न सोडता बाहेर काढून गाळावी.

मालक लोकांनाही माझं एकच सांगणं असतं. नवीन सायक्लोन घेताना विकणारा सांगतो की नव्वद टक्के धूळ पकडतो. ती टक्केवारी वजनाची असते. वजन जाड धुळीत असतं आणि त्रास बारीक धुळीत. तेव्हा त्याला विचारावं, किती मायक्रॉनपर्यंत पकडतो आणि त्याच्या खालच्याचं काय करायचं. या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याला हे काम कळतं. उरलेल्या धुळीला फिल्टर लागत असेल तर तो यंत्राच्याच किमतीत धरावा, हौसेचा खर्च म्हणून नाही. वेगळं करायची जबाबदारी आपण घेतली, तर त्यातून जे सुटतं तेही आपल्याच खात्यावर मांडलं पाहिजे.