ठाण्याचे बिऱ्हाड

"मी आता ठाण्याला जाणार," असे मी कचेरीत जाहीर केले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मित्राने माझा हात हातात घेतला आणि "कधीपासून होतंय असं?" म्हणून मोठ्या काळजीने विचारले. १९७१ साली हा विनोद कुणाला समजावून सांगावा लागत नसे. १९०१ साली तिथे वेड्यांचे इस्पितळ निघाले आणि सबंध मराठी मुलखात ठाण्याला जाणे याचा एकच अर्थ होऊन बसला. वास्तविक १८५३ साली बोरीबंदराहून पहिली आगगाडी सुटली ती ठाण्यालाच गेली. पण एवढे मोठे कौतुक लोक विसरतात आणि इस्पितळ तेवढे ध्यानात ठेवतात.

वेड मला लागले होते हे मात्र खरे. ते जागेचे! गिरगावात आमच्या दोन खोल्या. त्यांत आई, वडील, थोरले भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुले, धाकटी बहीण आणि मी. त्यात माझे लग्न झाले. पहिले काही महिने आम्ही नवराबायको एकमेकांशी जे काय बोललो ते चौपाटीवर. पावसाळा लागला आणि तेही बंद पडले. मुंबईत खोली घ्यायची म्हणजे पागडी आली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवून टाकली होती. त्यामुळे खोलीचे भाडे ऐकून माणूस हरखायचा आणि पागडीचा आकडा ऐकून मटकन खाली बसायचा. मीही दोनतीनदा बसलो आणि मग ठाण्याची गाडी पकडली.

नौपाड्यात एका बैठ्या कौलारू घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या. पुढे फणस, मागे विहीर, आणि पुढच्या घरात एकट्या राहणाऱ्या साठीच्या मालकीणबाई. त्यांना सारी आळी आजी म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. भाडे पंच्याऐंशी रुपये, अनामत पाचशे आणि अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा कागद. आजींनी मला काहीच विचारले नाही. सगळी उलटतपासणी हिची झाली. रात्री दिवा किती वाजेपर्यंत जळतो? कांदालसूण रोज लागते का? रहाटाला हात लावण्याआधी चपला काढतेस ना? हिने सर्व उत्तरे बरोबर दिली असावीत, कारण शेवटी आजी म्हणाल्या, "बरं, या. पण एक आत्ताच सांगून ठेवते. रेशनकार्डावर माझी सही मागायची नाही."

हे वाक्य मला तेव्हा कळले नाही. हळूहळू कळले. रेशनकार्ड म्हणजे माणूस त्या पत्त्यावर राहतो याचा सरकारी शिक्का, आणि तो एकदा बसला की माणूस उठत नाही, अशी घरमालकांची भीती. परिणाम असा झाला, की आमची नावे गिरगावच्या कार्डावरच राहिली. दर पंधरवड्याला मी कचेरी सुटल्यावर गिरगावात जाई, आमच्या वाटणीची साखर आणि धान्य घेई आणि दोन पिशव्या सांभाळीत लोकलमध्ये चढे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तो तांबडा मिलो मिळू लागला. तो मिलो चौतीस किलोमीटर वाहून आणणारा आणि घरी आल्यावर त्याच्या भाकरीला नावे ठेवणारा असा मी एकटाच नव्हतो. आमच्या डब्यात तसे चारपाच होते. एकमेकांच्या पिशव्या ओळखून आम्ही जागा देत असू.

बाकी दिवस फार सुखाचे गेले. संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी, रविवारी मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेले पुस्तक आणि रात्री कौलांवर पडणारा फणसाचा पाला. लग्नानंतर दीड वर्षाने मला प्रथमच कळले, की ही झोपेत बोलते.

आणि मग १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे जे लोक लायसन्सच्या चालू कागदावर राहत होते, ते सारे कायद्याने भाडेकरू ठरले. आमचा कागद तेव्हा चालू होता. म्हणजे एके दिवशी सकाळी मी पाहुणा म्हणून उठलो आणि संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून भाडेकरू म्हणून निजलो. कचेरीत ज्याने माझा हात धरला होता, त्यानेच आता पाठीवर थाप मारली. "लेका, लॉटरी लागली तुला! आता ती म्हातारी तुला हलवू शकत नाही. पुढे सोडायची वेळ आली तर चांगले दहाएक हजार मागून घे."

खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. खूप बरे वाटले. मुंबईच्या बाजारात ज्याची काहीच किंमत नव्हती, अशा माणसाला सरकारने घरबसल्या दोन खोल्या दिल्या होत्या. त्या रात्री मी खोलीच्या भिंतीकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले, इथे एक कपाट ठोकता येईल म्हणून.

आजींना ही बातमी त्यांच्या पुतण्याने येऊन सांगितली. पुतण्या पडवीत बसून मुद्दाम मोठ्याने बोलत होता. "काकू, हे आता जन्माचे बसले." दुसऱ्या दिवसापासून आजींनी बोलणे टाकले. भांडण नाही, टोमणा नाही, विहिरीवर अडवणूक नाही. फक्त बोलणे नाही. पहिल्या तारखेला मी भाडे नेऊन दिले की त्या नोटा मोजून घेत, पावती देत आणि आत जात. अडून अडून चार महिने काढल्यावर हीच मला म्हणाली, "अहो, त्यांना काहीतरी लिहून द्या ना." मी एका वकिलाकडे गेलो. ते हसले. म्हणाले, "तुम्ही काय वाटेल ते लिहून द्याल. कायद्याने दिलेले संरक्षण सोडतो असा कागद कोर्टात टिकत नाही. त्यांचा वकील त्यांना हेच सांगेल." म्हणजे गंमत पाहा. मी मनापासून सोडायला तयार झालो असतो, तरी आजींना त्याचा विश्वास वाटावा अशी सोय कायद्याने ठेवली नव्हती. मी नुसताच त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "आजी, आमची स्वतःची जागा झाली की आम्ही निघू." त्या "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"मध्ये विश्वासाचा अंशही नव्हता.

मे १९७४ मध्ये रेल्वेचा मोठा संप झाला. गाड्यांचा भरवसा उरला नाही, म्हणून मी तीन दिवस गिरगावात मुक्काम ठोकला. हिचे दिवस भरायला अजून दोन आठवडे होते. मुलीला मात्र हा हिशेब मान्य नव्हता. तिसऱ्या रात्री हिच्या कळा सुरू झाल्या. पुढच्या खोलीचा दिवा लागला, आजी बाहेर आल्या आणि टांगा बोलावून हिला प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. नाव घालताना "कोण लागता?" असे विचारल्यावर त्यांनी काय सांगितले ते हिने मला सांगितले नाही, आजही सांगत नाही. मी पोहोचलो तेव्हा आजी बाकावर बसून डुलक्या घेत होत्या आणि त्यांच्या मांडीवर घरच्या किल्ल्यांचा जुडगा होता.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारले, "पोरीचं नाव कार्डावर कुठल्या पत्त्यावर घालणार? आण तो फॉर्म." त्यांनी सही केली. अक्षर वळणदार आणि मोठे होते.

सोसायटीत आमची जागा व्हायला १९८१ उजाडले. तीही ठाण्यातच, मुंबईचा मोह तोवर सुटला होता. जाण्याची गोष्ट बाहेर फुटताच एक गृहस्थ घरी आले. किल्ली आजींना न देता आपल्याला द्यावी, बाकीचे आपण पाहून घेऊ, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सांगितलेला आकडा सोसायटीच्या कर्जाच्या जवळजवळ निम्मा होता. माझी तीन रात्री झोप उडाली. 'मी तत्काळ नाही म्हणालो' असे इथे लिहायला मला आवडले असते. चौथ्या दिवशी सकाळी किल्ली खुंटीवर दिसेना. ही विहिरीवरून आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "दिली मी आजींना. त्या म्हणतात दिवाळी करून जा." म्हणून आम्ही भाऊबीज करून निघालो. त्या वर्षीच्या फराळातल्या चकल्या आजींच्या हातच्या होत्या, आणि थोड्या कडक झाल्या होत्या.

आता तिथे फणस नाही, विहीर नाही. वाहने ठेवायला तीन मजले आणि त्यांवर माणसे, अशी इमारत आहे. ठाणे १९८२ साली महानगरपालिका झाले आणि २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांच्या वर गेले. आता ठाण्यात जागा परवडत नाही म्हणून लोक पुढे सरकतात. माझा नातू, म्हणजे त्या संपातल्या मुलीचा मुलगा, गेल्या वर्षी लग्नानंतर बदलापूरला राहायला गेला. बोरीबंदरापासून ते सुमारे अडुसष्ट किलोमीटर, म्हणजे ठाण्याच्या बरोब्बर दुप्पट. जागा ठरवायला मीही बरोबर गेलो होतो. कागद अजूनही अकरा महिन्यांचाच असतो; फरक एवढाच, की आता त्याची नोंदणी करावीच लागते आणि अंगठा शाईत न बुडवता यंत्रावर ठेवतात.

घरमालकीण पन्नाशीच्या होत्या. स्वयंपाकघर दाखवले, गच्चीची किल्ली दाखवली, आणि मग नातसुनेकडे वळून म्हणाल्या, "एक आत्ताच सांगून ठेवते हं. आधार कार्डावर इथला पत्ता घालायचा नाही."

नातवाचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी नातसुनेला म्हटले, "अगं, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारून घे त्यांना."