पत्र्याचा तंदूर की मातीचा?

गरिबाच्या घरात एखादी वस्तू येते तेव्हा तिच्या मागोमाग कर्जाचा हप्ताही येतो. पैसेवाल्याला घेतलेली वस्तू पटली नाही तर तो ती माळ्यावर टाकतो आणि दुसरी आणतो. आपल्याला मात्र तिचे पैसे वर्ष-दोन वर्षे फेडावे लागतात. म्हणून आपल्याकडे खरेदीचा विचार सगळ्या घराने बसून करायचा असतो. 'स्वस्त घ्या' असे एकजण सांगतो, 'टिकाऊ घ्या' असे दुसरा सांगतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पण घेणाऱ्याची परिस्थिती काय आहे, हे दोघेही विचारत नाहीत. अशाच एका खरेदीची हकीकत वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो आहे, कारण तिच्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

विदर्भातील आमच्या शहरात, आमच्या वस्तीत दहा भगिनींचा एक बचत गट आहे. मी पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम., त्यामुळे गटाच्या वह्या तपासण्याचे काम माझ्याकडे असते. गटातील चौघीजणी मिळून संध्याकाळी रस्त्याच्या कडेला झुणका-भाकर आणि अंडा रस्सा विकतात. हाताला चव आहे, गिऱ्हाईकही आहे. पण गिऱ्हाईक तंदुरी रोटी मागते आणि 'नाही' म्हटले की पुढच्या गाडीवर जाते. म्हणून तंदूर घ्यायचे ठरले. गटाच्या खात्यात त्या वेळी अठरा हजार रुपये होते. बाजारात चौकशी केली तेव्हा दोन प्रकार समोर आले. एक लोखंडी पत्र्याच्या पिंपाचा, पाच हजारांचा. दुसरा भाजलेल्या मातीचा, जाड भिंतीचा, बाहेरून स्टीलच्या पिंपात बसवलेला आणि मधल्या जागेत रेती भरलेला, पंधरा हजारांचा. पाच की पंधरा, यावर गटाच्या दोन बैठका झाल्या.

आधी दोन्हींतला फरक समजून घेऊ. तंदुरात अन्न तीन तऱ्हेने शिजते. खालच्या निखाऱ्याची धग वर येते, तापलेली हवा आत फिरते आणि तापलेली भिंत स्वतः उष्णता बाहेर टाकते. लोखंड उष्णता चटकन घेते आणि तितक्याच चटकन बाहेरच्या हवेला देऊन टाकते. म्हणून पत्र्याचा तंदूर लवकर तापतो, पण त्याला सारखा कोळसा घालावा लागतो, आणि त्याची बाहेरची बाजू इतकी तापते की लहान मूल जवळ गेले तर भाजलेच म्हणून समजा. मातीचे उलट आहे. जाड माती तापायला पाऊण तास, कधी तासही घेते. पण एकदा तापली की ती उष्णता धरून ठेवते, आणि मग थोड्या कोळशात काम चालते. मातीला बारीक छिद्रे असतात, त्यामुळे ओली कणीक तिला चांगली धरते आणि रोटी खालून करपत नाही.

ही मातीची करामत आपल्या बायकांना नवी नाही. नागपूरकडे लांब पोळी करणाऱ्या भगिनी चुलीवर उपडे मडके ठेवतात आणि हातावर ताणलेली सैल कणीक त्यावर टाकतात. खानदेशात मांडे खापरावर होतात. आपल्या आया-मावश्या जुन्या बादलीला आतून माती आणि भुश्याचा लेप देऊन शेगडी करीत. पत्रा एकटा उष्णता राखत नाही, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

मातीचे दुखणेही सांगितले पाहिजे. नवा मातीचा तंदूर पहिल्याच दिवशी जोरात पेटवला तर तडकतो. मातीत मुरलेल्या पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्यापेक्षा सुमारे सोळाशे पट जागा लागते, आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती भिंत फोडते. म्हणून आधी काही दिवस सुकवायचा, मग रोज थोडा थोडा विस्तव करून तापवायचा. तापलेल्या भिंतीवर पाण्याची बादली ओतायची नाही, पावसात उघडा ठेवायचा नाही. पत्र्याला तड जात नाही, पण गंज चढतो. राख आत तशीच राहिली आणि तिला ओल लागली की पिंपाचा तळ आधी जातो. रोज राख काढणारी बाई पत्र्याचे आयुष्य वाढवते.

आता हिशेब. वाणिज्य शाखेत घसारा नावाची एक गोष्ट शिकवतात. वस्तूची किंमत तिच्या आयुष्याच्या वर्षांनी भागायची, म्हणजे दर वर्षी ती आपल्याला किती रुपयांना पडते ते कळते. पत्र्याचा तंदूर दोन वर्षे चालेल असे धरले, तर वर्षाचा घसारा अडीच हजार. मातीचा पाच वर्षे धरला, तर वर्षाचा तीन हजार, आणि मधे एकदा माठ बदलावा लागला तर त्याचे वर्षाला सहाशे. म्हणजे मातीचा तंदूर वर्षाला अकराशे रुपयांनी महाग. पण खरा खर्च कोळशाचा. संध्याकाळचे पाच तास धंदा केला तर पत्र्याला सहा किलो आणि मातीला पाच किलो लागतील, असा अंदाज बायकांनी ओळखीच्या ढाब्यावर विचारून काढला. रोज एक किलोचा फरक, किलोला चाळीस रुपये, वर्षाचे तीनशे दिवस. म्हणजे बारा हजार रुपये. मातीच्या तंदुराला जादा पडणारे दहा हजार अडीचशे दिवसांत वसूल होतात. मात्र जो माणूस फक्त शनिवार-रविवार दोन तास भट्टी लावतो, त्याचा हिशेब असा निघणार नाही. त्याचा निम्मा कोळसा मातीची भिंत तापवण्यातच जाईल. त्याला पत्राच परवडेल.

हा हिशेब मी फळ्यावर मांडत होतो तेव्हा एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मोबाईलवर एक चित्र दाखवले. अंड्याच्या आकाराची, झाकणाची हिरवी भट्टी. 'काका, हे कामाडो. अमेरिकेत लोक अंगणात ठेवतात.' मग मी त्याची माहिती काढली. कामाडो हा जपानी शब्द. जपानी घरातली भात शिजवायची चूल ती कामाडो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात राहिलेले अमेरिकन सैनिक तशा मातीच्या भट्ट्या मायदेशी घेऊन गेले. १९७४ साली अटलांटा शहरात एड फिशर यांनी 'बिग ग्रीन एग' नावाने त्यांचा व्यापार सुरू केला. पुढे त्या पक्क्या सिरॅमिकच्या होऊ लागल्या. त्या महाग असतात, म्हणून कमी किमतीच्या पोलादी पत्र्याच्याही निघाल्या, भिंतीत पदर ठेवून उष्णता राखणाऱ्या. आणि तिकडचे गिऱ्हाईकही हाच प्रश्न विचारते, पत्र्याची घ्यावी की मातीची? उत्तरही आपल्यासारखेच आहे. सिरॅमिक उष्णता राखते पण जड असते, आपटले तर फुटते. पत्रा हलका आणि स्वस्त, पण गंजतो.

त्या भट्टीकडून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. तिची आच कोळशाने कमी, हवेने जास्त चालते. खालची खिडकी आणि वरचे झाकण घट्ट बसत असेल तर हवा रोखून निखारा मंद ठेवता येतो, आणि काम संपल्यावर दोन्ही बंद केले की उरलेला कोळसा विझून दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतो. फटी असल्या तर तो नुसता जळून जातो. म्हणून तंदूर पत्र्याचा घ्या नाही तर मातीचा, दुकानात त्याची खालची हवेची खिडकी बंद करून बघा. ती नीट बसत नसेल तर तो घेऊ नका.

तर हिशेब मातीच्या बाजूने होता. तेव्हा गटातील सगळ्यांत वयस्क मावशी बोलल्या. 'भाऊ, तुमचा हिशेब बराबर आहे. पण उचलायची गाडी आली तर हा मातीचा हंडा कोण उचलणार?'

बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. कारण दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातल्याच एकीची हातगाडी उचलून नेली होती. पातेली, शेगडी, वजनकाटा, सगळे गेले. यादी मिळाली नाही, आणि परत मिळाले ते अर्धेच. स्टीलच्या पिंपातला मातीचा तंदूर दोघी बायकांना हलत नाही. उचलताना आपटला तर तडकला. पंधरा हजार रुपये एका दुपारी जाणार. अमेरिकेतल्या त्या गिऱ्हाइकाला स्वतःचे अंगण असते, म्हणून त्याला टिकाऊ वस्तू घेणे परवडते. टिकाऊ वस्तूला आधी टिकाऊ जागा लागते. ज्याला उद्या इथे उभे राहू देतील की नाही याची खात्री नाही, तो हलकी आणि स्वस्त वस्तू घेतो, आणि तिच्यापायी रोज कोळसा जास्त जाळतो. गरिबाला अक्कल नाही म्हणून तो स्वस्त घेतो, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

म्हणून त्या बैठकीत तंदुराबरोबर कायद्याचीही चर्चा झाली. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला. त्यात निदान पाच वर्षांतून एकदा सर्व विक्रेत्यांची पाहणी करून त्यांना विक्री प्रमाणपत्र द्यायचे आहे. शहराच्या पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी हवेत, त्यांतील एक तृतीयांश महिला, आणि अनुसूचित जाती-जमातींनाही योग्य स्थान हवे. माल जप्त केला तर त्याची यादी विक्रेत्याला दिली पाहिजे. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, आणि दुसरा माल कामाच्या दोन दिवसांत परत केला पाहिजे. हे ऐकून एक भगिनी म्हणाली, 'मग माझ्या शेगडीची यादी मला कोणी का दिली नाही?' तिचा प्रश्न रास्त होता. कायदा कागदावर असतो, तो मागणाऱ्यालाच मिळतो.

मत घेतले. सहाजणी पत्र्याच्या बाजूने, चौघी मातीच्या. हिशेब मांडणे माझे काम, ठरवणे त्यांचे. पत्र्याचा तंदूर आला, त्याला चाके लावून घेतली. मावशींनी खालच्या अर्ध्या भागाला माती-भुश्याचा लेप दिला आणि आठवडाभर थोडा थोडा विस्तव करून तो पक्का केला. वरच्या लोखंडी भिंतीवरून पहिले दोन दिवस रोट्या निखाऱ्यात पडल्या. मग भिंतीवर मिठाच्या पाण्याचा हबका मारायला लागल्या आणि रोटीच्या मागेही पाणी लावू लागल्या, तशी रोटी धरू लागली. पहिल्या महिन्याच्या वहीत कोळसा रोज साडेपाच किलोच्या आसपास निघाला. ज्या चौघींनी मातीच्या बाजूने मत दिले होते, त्यांच्या सूचनेवरून रोज तीस रुपये 'माती फंड' म्हणून वेगळे पडतात. आणि चौघी विक्रेत्यांनी प्रमाणपत्रासाठी अर्ज दिले आहेत. पोचपावत्या गटाच्या फायलीत लावल्या आहेत. प्रमाणपत्र हाती आले आणि जागा पक्की झाली की मातीचा तंदूर येईल, असा ठराव आहे.

ज्या भगिनींना असा धंदा करायचा आहे त्यांना चार गोष्टी सांगतो. पहिली, रंगाचे किंवा औषधाचे जुने पिंप कापून भट्टी करू नका. आत काय होते ते आपल्याला ठाऊक नसते. दुसरी, आतल्या बाजूला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको. जोराच्या आचेवर त्याचा जो पांढरा धूर निघतो, त्याने थंडी-तापासारखा आजार होतो. तिसरी, कोळशाची शेगडी वा तंदूर बंद खोलीत कधीही ठेवू नका, विझत आलेला असला तरी नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. थंडीत ऊब मिळावी म्हणून शेगडी खोलीत घेण्याची सवय आपल्या वस्त्यांत अजून आहे, ती सोडली पाहिजे. चौथी, कोळशाची वही ठेवा. रोज किती किलो आणला, किती उरला. तोंडी हिशेबात कोळसा नेहमी कमी जळतो.

आणि दुकानात जाण्याआधी घरी बसून स्वतःला विचारा. भट्टी रोज किती तास पेटणार? ती रोज हलवावी लागणार का? हलवणारे हात किती? उभी राहणार ती जागा कोणाची? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पत्रा की माती हे दुकानदार सांगण्याआधीच आपल्याला कळते. चौथ्याचे उत्तर दुकानात मिळत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, पोचपावती घ्यावी लागते आणि चारजणींनी मिळून पुन्हा पुन्हा कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तेही काम तंदुराच्या खर्चातच धरा.