बाइट जागचा हलता कामा नये

लिनक्स कर्नलमधला फाइल एन्क्रिप्शनचा कोड आवरायला घेतला की एक विचित्र अट येते. काम उत्तम झालं, तर डिस्कवर काहीही बदललेलं दिसता कामा नये. इतर ठिकाणी कोड नीट करता करता वागणूकही जरा सुधारली तर लोक दुवा देतात. इथे तसं 'सुधारलं', तर कोणाचे तरी फोटो कायमचे गेले.

२०१५ साली, कर्नल ४.१ मध्ये, ही सोय आधी ईएक्सटी-४ या फाइलसिस्टिमला मिळाली आणि लगेच ४.२ मध्ये एफ-टू-एफएसला. दोघांचा कोड जवळजवळ सारखाच. एकाच वाड्यात दोन चुली. २०१६ मध्ये ४.६ च्या वेळी सामाईक भाग उचलून 'एफएसक्रिप्ट' म्हणून वेगळा मांडला गेला. पुढे यूबीआयएफएस आली, २०२३ मध्ये सेफही आली. अँड्रॉइड फोनमधलं फाइलवार एन्क्रिप्शन याच कोडवर चालतं. त्यामुळे हे काम मूठभर सर्व्हरवाल्यांपुरतं नाही, वाचकांपैकी बहुतेकांच्या खिशात ते आहे.

आवरणाऱ्याला सगळ्यात जास्त खुपते ती जुनी, पहिल्या आवृत्तीची किल्ली काढण्याची रीत. प्रत्येक फाइलला सोळा बाइटांचा एक यादृच्छिक आकडा मिळतो आणि तो डिस्कवर उघडाच असतो. त्याचीच एईएस-१२८ साठी किल्ली करायची, तिने मुख्य किल्ली एन्क्रिप्ट करायची, जे निघेल ती त्या फाइलची किल्ली. अडचण अशी, की ही क्रिया उलटी फिरते. एका फाइलची किल्ली कुणाच्या हाती लागली, तर तो मागे चालत थेट मुख्य किल्लीपर्यंत पोहोचतो. २०१९ मध्ये ५.४ बरोबर दुसरी आवृत्ती आली. तीत एचकेडीएफ-एसएचए५१२ वापरून किल्ल्या काढतात आणि परतीची वाट बंद होते. पण म्हणून पहिली काढून टाकता येते का? नाही. तिने लिहिलेल्या फाइली डिस्कवर आहेत. ती वेगळ्या फाइलमध्ये हलवता येते, फंक्शनांची नावं सरळ करता येतात. गणित मात्र तसंच ठेवावं लागतं.

आता टेस्टविषयी, कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. नव्या माणसाची पहिली टेस्ट ठरलेली: फाइल लिहा, वाचा, जुळतं का पाहा. ही टेस्ट जवळजवळ निरुपयोगी. लिहिणारा आणि वाचणारा कोड एकच असल्याने दोघंही सारखेच चुकतात आणि टेस्ट पास होते. समजा, फाइलचा कितवा ब्लॉक आहे तो आकडा एन्क्रिप्शनला देताना कोणी बाइटांचा क्रम उलटा केला. नव्या फाइली मजेत लिहिल्या-वाचल्या जातील. जुन्यांपैकी एका ब्लॉकात, म्हणजे सहसा ४०९६ बाइटांत, मावणाऱ्याही नीट उघडतील, कारण पहिल्या ब्लॉकचा क्रमांक शून्य, आणि शून्य उलटं वाचलं तरी शून्यच. त्याहून मोठ्या जुन्या फाइलींचा मात्र दुसऱ्या ब्लॉकपासून पुढे नुसता कचरा. म्हणून फाइलसिस्टिम तपासणाऱ्या एक्सएफएसटेस्ट्स या संचात वेगळी सोय आहे: डिस्कवरचे कच्चे बाइट सरळ उचलायचे आणि कर्नलशी संबंध नसलेल्या, स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रॅमने तेच गणित करून ताडून पाहायचे. हा प्रोग्रॅम कोणी 'पुनरुक्ती नको' म्हणून कर्नलच्याच कोडला जोडायला निघालं, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

फाइलींच्या नावांतले कडेचे प्रसंगही असेच फसवे. नाव एन्क्रिप्ट करताना त्याची लांबी लपावी म्हणून ते ठरावीक पटीपर्यंत भरलं जातं. बत्तीसची पट असेल, तर इंग्रजीतलं सात अक्षरांचं 'वेडिंग' बत्तीस बाइटांत बसतं. 'लग्नपत्रिका' मात्र काना, वेलांटी, हलन्तासकट यूटीएफ-८ मध्ये तेहेतीस बाइट घेते आणि एका बाइटापायी चौसष्टवर जाते. वर नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीत पंच्याऐंशी चिन्हं. लांबीचा हिशोब करणाऱ्या फंक्शनला हात लावला की मी अशी मराठी नावं मुद्दाम घालून पाहतो. इंग्रजी नावं इतक्या सहज कडेला जात नाहीत.

आणखी एक सापळा साध्या दिसणाऱ्या ओळीत असतो. किल्लीचं काम संपलं की मेमरीतली जागा शून्यांनी पुसायची. साध्या मेमसेटने पुसलं, तर कंपायलर म्हणतो, ही जागा पुढे कोणी वाचतच नाही, आणि ती ओळच गाळतो. किल्ली मेमरीत तशीच राहते. म्हणून कर्नलमध्ये मेमझीरो-एक्स्प्लिसिट आहे. 'दोन्ही एकच तर करतात' म्हणून कोणी त्याच्या जागी मेमसेट घातलं, तर एकही टेस्ट बोंबलत नाही.

इतकं असूनही मोठे फेरफार होतात. एन्क्रिप्शनच्या माहितीचा पॉइंटर पूर्वी प्रत्येक आयनोडमध्ये, म्हणजे कर्नलच्या मेमरीतल्या फाइलच्या नोंदीत, होता, मग ती फाइलसिस्टिम एन्क्रिप्शन करो वा न करो. २०२५ मध्ये तो तिथून निघून ज्या फाइलसिस्टिमला लागतो तिच्या स्वतःच्या रचनेत गेला. ६४-बिट मशीनवर आयनोडमागे वाचले ते आठच बाइट. पण मेमरीत आयनोड लाखांनी असतात. अनेक फाइलसिस्टिमांना हात लागला, डिस्कवरचा एक बाइटही हलला नाही. याला मी चांगलं काम म्हणतो.

या भागात पॅच पाठवणार असाल तर एवढं करा: कोड नुसता हलवणारा पॅच वेगळा ठेवा आणि वागणूक बदलणारा वेगळा. दोन्ही एकत्र आले, तर तपासणाऱ्याला शेकडो हललेल्या ओळींत ती एक बदललेली ओळ दिसत नाही.